क्लायंबर स्टँडवर ३५० पाउंड लिहिलंय, मी २८१. चढू का?

वाघोलीकर (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे. हसलात तरी चालेल, पण हसून झाल्यावर उत्तर द्या.

मी पेनसिल्व्हेनियात असतो. इथे नोव्हेंबर लागला की ऑफिसातली अर्धी माणसं हरणांच्या गप्पा मारतात आणि उरलेली अर्धी रजेवर असतात. तीन वर्षं नुसतं ऐकलं, मग गेल्या वर्षी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं, नारिंगी जॅकेट आणि टोपी घेतली, आणि अख्खा सीझन एका पडलेल्या ओंडक्यामागे बसून काढला. दिसल्या फक्त खारी. हरणांना माझा वास आधीच लागायचा. मला दिसायची ती पळून जाणारी पांढरी शेपटी.

यंदा टीममधला मित्र म्हणतो, जमिनीवर बसून काही होणार नाही, झाडावर चढ. त्याच्याकडे क्लायंबर स्टँड आहे. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दोन सुट्या चौकटी असतात. वरचीवर बसायचं, खालचीवर पाय ठेवायचे. दोन्हींची जाड वायर खोडाला वेढा घालून अडकवायची. वर बसून पायांनी खालची चौकट उचलायची, मग खालचीवर उभं राहून हातांनी वरची उचलायची. सुरवंट चढतो तसं. असं करत १८-२० फुटांवर पोचलं की तेच आपलं मचाण.

आता माझं वजन. २८१ पाउंड, म्हणजे १२७ किलो. मित्र दीडशे पाउंडांचा. तो म्हणतो, "मला तर कधी काही झालं नाही." तुला काय होणार बाबा, तू वाऱ्यानेसुद्धा वर जाशील.

शनिवारी त्याच्या परसातल्या ओकवर, जमिनीपासून दोन फुटांवर प्रयोग केला. खालच्या चौकटीवर पूर्ण वजन टाकलं तर तिचे दात सालीत करकरत दोन बोटं खाली आले, धप्प आवाज झाला आणि मग ती थांबली. दोन फुटांवरच पोटात गोळा आला. मित्र म्हणाला, "बसली बघ आता!"

त्याचा स्टँड ३०० पाउंडांचा आहे. दुकानात समिट कंपनीचा व्हायपर ३०० चा, गोलायथ आणि टायटन ३५० चे दिसले. ३५० वाला घेतला तर मी निर्धास्त का? लिहिलेल्या आकड्याचा नेमका अर्थ काय? ॲल्युमिनियम बरं की लोखंड? जाणकारांनी सांगा.

शेंगदाणा_लाडू

शिकार??? २०२० च्या पुढच्या काळात माणसं हरणं मारायला झाडावर चढतायत आणि आपण त्यांना वायर कुठली घ्यायची ते सांगायचं?

वाघोलीकर

ताई, राग समजतो. आपल्याकडे १९७२ पासून वन्यजीव कायदा आहे आणि तो असायलाच हवा. इथे हरणं मोजून परवाने देतात, लांडगे कधीच संपलेत, आणि माझ्या गल्लीतल्या प्रत्येक दुसऱ्या गाडीच्या बंपरला हरीण लागून गेलंय. मांस आम्ही खातो. यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. इथे मला फक्त पडायचं नाहीये.

भोसरी_फॅब्रिकेशन

शिकारीतलं मला काही कळत नाही, पण चौकटी, वेल्डिंग आणि वायर दोरात वीस वर्षं गेली. तेवढ्यावरच बोलतो.

३५० लिहिलंय म्हणजे ३५१ ला मोडतो असं नाही. कुठलाही शहाणा कारखाना वर मोकळीक ठेवतो. अमेरिकेत अशा स्टँडसाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या चाचण्या आहेत, त्यात स्थिर भाराची वेगळी, पुन्हा पुन्हा भार देण्याची वेगळी आणि तोल तपासण्याची वेगळी. पण ती मोकळीक तुमच्या पोटासाठी नसते. ती वेल्डमधल्या उणिवेसाठी, गंजासाठी आणि धप्पकन बसण्यासाठी असते. ती आधीच खाल्लीत तर दणका बसल्यावर उरणार काय?

आणि दणका तर तुम्हीच वर्णन करून सांगितलात. "दोन बोटं खाली आली आणि थांबली." स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पुस्तकात हे लवकरच येतं: वजन उंचावरून न टाकता नुसतं एकदम सोडून दिलं, तरी लवचिक आधारावर क्षणभर दुप्पट भार येतो. म्हणजे २८१ चे ५६२. वर दोन बोटं घसरण असेल तर त्याहूनही जास्त. तेव्हा ३०० वाला विसरा.

दुसरं म्हणजे ही चौकट भिंतीतल्या ब्रॅकेटसारखी आहे. पुढचा दांडा खोडाला रेटतो, मागून वायर ओढते. तुम्ही खोडाला चिकटून उभे राहिलात तर ताण कमी. पुढच्या कडेला गेलात तर तोच माणूस, तेच वजन, पण वायरवर आणि कोपऱ्यातल्या वेल्डवर ताण कितीतरी वाढतो. जाड माणसाचा गुरुत्वमध्य आधीच पोटामुळे पुढे असतो. (माझंही तसंच आहे, रागावू नका.)

ॲल्युमिनियमबद्दल: हलकं आहे, जंगलातून पाठीवर न्यायला बरं. पण लोखंडाला ठरावीक ताणाच्या खाली कितीही वेळा वाकवलं तरी चालतं, तशी सूट ॲल्युमिनियमला नाही. प्रत्येक झटका त्याच्या खात्यावर जमा होत जातो. आणि वेल्डच्या शेजारची पट्टी मूळ धातूपेक्षा नरम झालेली असते. तडा तिथेच जातो. दर सीझनला उन्हात धरून वेल्डच्या कडा बघा. केसासारखी काळी रेघ दिसली तर तो स्टँड भंगारात. वापरलेला, कुणाच्या गॅरेजमधला स्वस्त स्टँड तुमच्या वजनाला नकोच.

मिशिगनचे_अण्णा

वाघोलीकर, मी सव्वीस वर्षं मिशिगनमध्ये हरणांमागे फिरतोय. त्यातली निम्मी वर्षं मी ३०५ पाउंडांचा होतो. आता गुडघ्यांनी वजन कमी करायला लावलं.

भोसरीवाल्यांचं बरोबर, पण एक उलटी गोष्ट सांगतो. वजनदार माणूस बसला की दात सालीत घट्ट रुततात, स्टँड हलत नाही. धोका वजन टाकताना कमी, वजन काढताना जास्त. उभं राहून वरची चौकट उचलता ना, त्या क्षणी खालच्या चौकटीवर तुमचं वजन खोडाकडे गेलं की पुढचा भाग उचलला जातो, वायर सैल पडते आणि चौकट सुटते. म्हणून पायाच्या पट्ट्यांत बूट घट्ट अडकवून ठेवायचे आणि प्रत्येक पायरीला चौकट खाली दाबून बसवून मगच उठायचं. तुमचा मित्र "बसली" म्हणाला ते खरं, फक्त ती तुम्ही मुद्दाम बसवायची. तिने आपोआप बसायची नाही.

वरची आणि खालची चौकट एका पट्ट्याने एकमेकींना बांधलेली असते. बऱ्याच जणांना तो पट्टा लुडबुड वाटतो, मलाही वाटायचा. एका नोव्हेंबरात उतरताना खालची चौकट पायातून निसटली आणि थेट झाडाच्या बुंध्याशी. मी पंधरा फुटांवर वरच्या चौकटीत, पाय लोंबकळत. फोन बॅगेत, बॅग दोरीच्या टोकाला जमिनीवर. चाळीस मिनिटांनी शेजारच्या शेतातला मुलगा कुत्र्यामागे आला म्हणून सुटलो. कुत्रं खालून माझ्याकडे बघून भुंकत होतं. त्याला वाटलं असेल, एवढं मोठं रकून!

झाडाचं सांगतो, कारण स्टँडचं सगळे विचारतात आणि झाडाचं कुणी विचारत नाही. ॲश नको. २००२ साली आमच्या डेट्रॉइटच्या बाजूलाच तो हिरवा किडा, एमराल्ड ॲश बोरर सापडला आणि तिथून पेनसिल्व्हेनियाच काय, अर्ध्या देशातले ॲश वाळवून गेला. उभं दिसतं पण आतून ठिसूळ. शॅगबार्क हिकरी नको, तिची साल पापडासारखी सुटते आणि सालीबरोबर तुम्हीही. बीचची साल गुळगुळीत, दव पडलं की साबण. तुम्हाला हवा सरळसोट ओक किंवा ट्यूलिप पॉप्लर, जिवंत, वीस फुटांपर्यंत फांदी नसलेला. बहुतेक क्लायंबर ८ ते २० इंच जाडीच्या खोडासाठी असतात, पण तुम्ही आठच्या नादी लागू नका. वर बसल्यावर खोड बाराच्या खाली असेल तर वाऱ्यात तुम्हीच झोका व्हाल.

आणि खोड वर निमुळतं होत जातं हे विसरू नका. खाली चौकट सपाट लावली तर वर पोचेपर्यंत ती पुढे झुकते आणि तुम्ही घसरगुंडीवर बसता. खाली लावतानाच पुढची कड चांगली वर ठेवून लावायची. तरी वर जाऊन झुकलीच, तर उतरायचं आणि खालून वायरचं भोक बदलून परत चढायचं. वर हवेत वायर सोडायची नाही, कितीही आळस आला तरी.

माडाखालचा

वाचून मजा आली. आमच्या वेंगुर्ल्याकडे माडावर चढायचं यंत्र आहे ते हेच की हो! केरळातून आलेलं. दोन चौकटी, वायर दोर माडाभोवती, एक पाय उचलायचा, एक दाबायचा. पाडेली मिळेनासे झाले तसे नारळ बोर्डाने पोरांना ते शिकवायला घेतलं, २०११ पासून. फरक एवढाच की आमचा गडी ५५ किलोचा आणि माड खालपासून वरपर्यंत जवळपास सारख्याच जाडीचा.

आमच्याकडे उभं राहून चढायच्या यंत्राचा गडी सुरक्षा पट्टा लावायला कंटाळतो. सांगतो, "पट्टो अडकता." माझ्या चुलत्याकडचा गडी पट्टा न लावताच पडला, आता बसून सुपारी सोलतो.

टॉवरवरचा_मंग्या

सगळे स्टँडच्या आकड्यावर बोलतायत. मी टेक्सासात मोबाईल टॉवरवर काम करतो, मला दुसराच आकडा दिसतोय आणि तो कुणी विचारला नाही.

हार्नेस, म्हणजे पडलात तर धरणारा अंगावरचा पट्ट्यांचा साज. तो तुम्ही लावणार आहात ना? मग त्याच्यावर काय लिहिलंय ते बघा. शिकारीचे हार्नेस बहुतेक ३०० पाउंडांपर्यंतच असतात. स्टँड ३५० चा घ्याल, पण पडलात तर स्टँड तुम्हाला धरणार नाहीये, हार्नेस धरणार आहे.

यात एक फसवी गोष्ट आहे. तोच हार्नेस दोन एक्सएल, तीन एक्सएल मापात मिळतो. अंगाला छान बसतो. माणूस समजतो, मोठं माप म्हणजे मोठी ताकद. लेबल उलटून बघा, बहुतेक वेळा माप कुठलंही असो, भार तेवढाच ३००.

आणि २८१ हे तुमचं सकाळी आंघोळीआधीचं वजन. जाड बूट, दोन थर गरम कपडे, जॅकेट, हार्नेस, दुर्बीण, चाकू, खिशातली काडतुसं, बंदूक, पाठीवर बॅग. भार मोजताना हे सगळं धरतात. आमच्याकडेही नियम तोच आहे: माणूस आणि अवजारं मिळून ३१० पाउंड. त्याच्या वर गेलात तर वेगळं साहित्य लागतं. ते मिळतं, ४०० च्या वरचंही मिळतं, पण मग हार्नेस, लॅनयार्ड (हार्नेसला आधाराशी जोडणारी दोरी), खोडाभोवतीचा पट्टा, हुक सगळंच त्या भाराचं हवं. साखळीतली एकच कडी ३०० ची असली की सगळी साखळी ३०० ची.

तुम्ही म्हणाल मग टॉवरवाला सहा फुटी लॅनयार्ड आणतो. आणू नका. तो सहा फूट, वर त्याचा शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे झटका शोषणारी शिवलेली पट्टी, उसवत जातो साडेतीन फुटांपर्यंत, वर तुमची उंची. पंधरा फुटांवरून पडलात तर हार्नेसने धरायच्या आत तुम्ही पाचोळ्यात. झाडावर पट्टा डोक्याच्या उंचीवर बांधायचा आणि दोरी इतकी आखूड की बसल्यावर जेमतेम सैल राहील. जितका झोल, तितका झटका.

कमरेचा नुसता पट्टा तर अजिबात नको. आमच्या धंद्यात पडणं अडवण्यासाठी तो १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे. पडल्यावर माणूस त्यात कमरेत मोडतो, नाहीतर उलटा होऊन सुटतो.

वाघोलीकर

मंग्याभाऊ, आत्ता हार्नेसचं लेबल बघितलं. मित्राने दिलेला. ३००. आणि खाली बनवल्याची तारीख २०१४. पाच वर्षांनी टाकून द्या असंही लिहिलंय. मित्राला फोटो पाठवला तर म्हणतो, "अरे, पण तो नवाच आहे, मी कधी लावलाच नाही."

लावलाच नाही!!

सिस्टर_सुनीता

मी ऑर्थोच्या वॉर्डात आहे, पुण्यात. वीस फुटांवरून पडलेला माणूस जमिनीवर ताशी जवळजवळ ४० किलोमीटरच्या वेगाने आदळतो. आमच्याकडे गच्चीवरून, परातीवरून, आंब्यावरून पडलेले येतात. पाठीचा मणका, टाच, मनगट. वजन जास्त असेल तर वेग तोच राहतो, पण हाडांना पचवायचं ओझं वाढतं.

मंग्यांना एक जोड. हार्नेसने धरलं म्हणजे सुटलात असं नाही. पाय हलवता न येता लटकून राहिलात तर रक्त पायांत साचतं आणि माणूस बेशुद्ध होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. मांड्यांचे पट्टे वजनदार माणसाला जास्त रुततात. म्हणून सोबत एक फास असलेली पट्टी ठेवतात, तिच्यात पाय घालून उभं राहायचं आणि पाय हलवत राहायचं. अण्णांची फोनची गोष्ट विसरू नका. फोन छातीच्या खिशात, बॅगेत नाही. आणि कुठल्या झाडावर आहात, किती वाजता उतरणार, ते घरी सांगून जा.

परातीवरून: परांचीवरून. मोबाईल सुधारतो, नको तिथे.

निखारा७९

मग लॅडर स्टँड घ्या की! शिडी झाडाला टेकवून बांधायची. दोन माणसांचे ५०० पाउंडांचे सर्रास मिळतात. प्रश्न संपला.

टॉवरवरचा_मंग्या

स्टँडचा संपला, हार्नेसचा नाही. शिडीवरूनही पडतातच. मुळात जमीन सोडली की हार्नेस.

भोसरी_फॅब्रिकेशन

बंदूक आणि बॅग दोरीने वर ओढून घेतली आणि झाडालाच खुंटीवर टांगली तर तेवढं वजन ना स्टँडवर ना हार्नेसवर. १५-२० पाउंड तिथेच वाचले.

मिशिगनचे_अण्णा

बंदूक दोरीनेच वर घ्यायची असते, रिकामी करून, नळी खाली. ती पाठीवर घेऊन चढणारा माणूस पडायच्या आधीच बातमीत येतो. खुंटीचं मात्र जपून, पेनसिल्व्हेनियातल्या सरकारी गेम लँडवर (शिकारीसाठी राखलेल्या जमिनीवर) झाडात स्क्रू पिळलेला चालत नाही. पट्ट्याने बांधायचे हुक मिळतात.

वाघोलीकर

अपडेट. काल गुरांच्या खाद्याच्या दुकानात पोती तोलायचा काटा आहे, त्याच्यावर सगळा संसार चढवून उभा राहिलो. काउंटरवरची बाई म्हणाली, "डिअर सीझन?" तिला सवय असावी.

बूट, कपडे, हार्नेस, बंदुकीसकट सगळं मिळून: ३१४.

बंदूक आणि बॅग काढून, म्हणजे चढताना जेवढा असेन तेवढा: २९७.

निखारा७९

२९७ म्हणजे बसतंय की ३०० मध्ये!

टॉवरवरचा_मंग्या

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाआधीचे की नंतरचे?

वाघोलीकर

आधीचे 🙁

रायफल सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारीच सुरू होतो. सासूबाई आल्यायत आणि पुरणपोळ्यांचा घाट आहे.

मिशिगनचे_अण्णा

ऐका माझं. यंदा झाड सोडा. तुम्हाला हरणं दिसली नाहीत ती उंचीमुळे नाही, वाऱ्यामुळे. ओंडका सखल जागी असणार आणि वारा पाठीमागून येत असणार. हरणांच्या वाटेच्या वरच्या अंगाला, उतारावर बसा. सकाळी ऊन तापलं की हवा उताराने वर चढते, तुमचा वास खालच्या वाटेवर न जाता मागे डोंगरावर जातो. पंधरा फुटांचा चढ आणि पंधरा फुटांचं झाड, हरणाच्या नजरेला फारसा फरक नाही. मोठ्या ओकला पाठ लावून घडीची खुर्ची टाका. पुढच्या वर्षी २६० वर आलात की मी स्वतः येतो, तुम्हाला चढायला शिकवायला.

वाघोलीकर

मंडळी, सीझन झाला, सांगायला आलो.

अण्णांचं ऐकलं. मित्राचा स्टँड परत केला आणि त्याला नवा हार्नेस भेट दिला. तो लावेल की नाही ते त्याच्या बायकोवर सोपवलंय.

पहिल्या शनिवारी पहाटे पाचला उतारावर जाऊन बसलो. रात्री दव गोठलं होतं, पानं पायाखाली पापडासारखी वाजत होती. आठच्या सुमाराला ऊन खालच्या ओहोळावर आलं आणि खरंच, चेहऱ्यावर खालून गार वारा लागायला लागला. पावणेनऊला तीन माद्या आणि मागे एक नर, खालच्या वाटेने, मान खाली घालून. साठ यार्ड. एकदाही नाक वर केलं नाही. मी हळूच बंदूक उचलली, नेम धरायला किंचित पुढे झुकलो.

कटकन आवाज झाला आणि मी पाचोळ्यात आडवा. चारी हरणं क्षणात गायब.

टॉवरवरचा_मंग्या

लागलं नाही ना? बंदूक?

वाघोलीकर

सेफ्टी लावलेली होती, देवाची कृपा. ढुंगणाला मुका मार, बाकी काही नाही.

घरी येऊन खुर्ची उलटी केली. सीटच्या खाली शिवलेलं इवलंसं लेबल होतं. २२५ पाउंड.